मेशीकर तात्या

तात्यांचं खरं आडनाव राऊत. पण दादरच्या त्या वाडीत 'राऊत' अशी हाक मारली असती तर निम्म्या वाडीने ओ दिली असती, म्हणून लोकांनी त्यांना मेशीकर करून टाकलं होतं. ते बोटीवर खलाशी म्हणून गेले, मेक्सिको देशात अडकले आणि बरीच वर्षं तिथे राहून परत आले. वाडीच्या तोंडी मेक्सिकोचं मेशिको झालं, मेशिकोचं मेशी झालं, आणि मेशीला राहून आलेला माणूस तो मेशीकर. नव्या माणसाला यात काही वावगं वाटत नसे. माझे चुलतसासरे एकदा आमच्याकडे आले होते. ओळख करून दिल्यावर त्यांनी विचारलं, "मेशी म्हणजे राजापूरच्या अलीकडे की पलीकडे?"

तात्यांनी थोडा विचार केला. "बरंचसं पलीकडे," ते म्हणाले.

चुलतसासऱ्यांचं समाधान झालं. त्या बाजूला आपले बरेच लोक आहेत, असंही त्यांनी वर सांगितलं.

आम्ही गिरगावातून दादरला राहायला गेलो ते यांच्या खोकल्यामुळे. डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली होती, आणि तेव्हा दादरला हवेशिवाय फारसं काही नव्हतंच. नारळीच्या वाड्या, भाताची खाचरं, विहिरी, आणि संध्याकाळी कोल्हे. माझी आई मला परदेशी पाठवत असल्यासारखी रडली. तात्या आणि त्यांची थोरली विधवा बहीण बायो यांच्या घराची पुढची बाजू आम्ही भाड्याने घेतली. मागच्या बाजूला ती दोघं, एक बकरी आणि तिची पिल्लं.

पहिल्या दिवशी मी तात्यांना पाहिलं तेव्हा ते माडावरून उतरत होते. डोक्यावर स्वतः विणलेली, सुपाएवढ्या काठाची झावळीची टोपी, कमरेला आखूड धोतर, आणि मध्ये काही नाही. खाली उतरून त्यांनी टोपी काढली, छातीशी धरली आणि मला किंचित वाकून नमस्कार केला. असा नमस्कार मला त्याआधी कोणी केला नव्हता. मी घाबरून आत गेले. बायो मागून ओरडली, "घाबरू नको गं, तो सगळ्यांना तसंच करतो. कोळणीला पण करतो."

बायोचं बोलणं असं होतं. लहानपणी कानाला काही झालं होतं, त्यामुळे तिला कमी ऐकू यायचं आणि ती जे बोलायची ते पुढच्या वाडीला कळायचं.

तात्या काळी कॉफी पीत. दूध नाही, साखर नाही. बिया स्वतः भाजत, आणि भाजताना येणाऱ्या वासामुळे वाडीत असा समज होता की त्यांना काहीतरी जुना रोग आहे आणि हे त्याचं औषध. तात्यांनी तो समज कधी खोडला नाही. औषध म्हटल्यामुळे कोणी वाटा मागत नाही, असं ते यांना म्हणाले होते.

ते ज्या गावात राहिले त्याचं नाव सान इसिद्रो. यांनी नकाशांचं पुस्तक काढून ते शोधलं. तात्याही डोकावून बसले होते, आणि मला वाटतं यांच्यापेक्षा त्यांनाच जास्त आशा होती. गाव सापडलं नाही. बायोने विचारलं, "आपलं दादर आहे का त्यात?" तेही नव्हतं. "मग मेलं कसलं पुस्तक ते," असं म्हणून ती बकरीकडे गेली. तात्यांना मात्र वाईट वाटलं. जिथे गाव असायला हवं तिथे समुद्राच्या काठाला त्यांनी बोट ठेवलं, आणि बराच वेळ उचललं नाही.

त्या गावाची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. मी तांदूळ निवडत असायची आणि ते झावळ्या विणत असायचे. मैलोन्‌मैल वाळवंट, माडाएवढ्या उंचीची निवडुंगं, आणि मधेच एक झरा. झऱ्याभोवती खजुराचं रान. ते रान पाद्र्यांनी लावलेलं. देऊळ पाद्र्यांनी बांधलेलं. पाणी खेळवणारा पाट पाद्र्यांनी काढलेला. पाद्री मात्र एकही नाही. स्पेनच्या राजाने त्यांना कधीकाळी हाकलून दिलं होतं, आणि त्यांच्यामागे त्यांच्या पहाऱ्यावरच्या शिपायांनी जमिनी वाटून घेतल्या होत्या. आता गावात राहत ते त्या शिपायांचे पणतू-खापरपणतू.

"मग ते खातात काय?" मी विचारलं. वाळवंट म्हटल्यावर मला तेवढंच सुचलं.

"खजूर. अंजीर. बकरीचं चीज. आणि तेच विकतात. कातड्याच्या थैल्यांत खजूर दाबून भरायचा, खेचरावर लादायचा, डोंगर ओलांडून तांब्याच्या खाणीवर न्यायचा. येताना पीठ, कापड आणि कॉफी. खाणीला कोळसा लागतो, तो बोटीने येतो. त्या बोटीने मी आलो."

म्हणजे त्यांचं येणंही त्या गावाच्या व्यापारातच जमा होतं. बोट कोळसा उतरवत असताना त्यांना ताप भरला. कप्तानाने त्यांना किनाऱ्यावर ठेवलं आणि बोट निघून गेली. एका खेचरवाल्याने परतीच्या फेरीत पिठाच्या पोत्यांबरोबर त्यांनाही खेचरावर घातलं. सान इसिद्रोला कार्मेन नावाची एक विधवा होती, तिच्या दारात उतरवलं. तिची खजुराची बाग होती आणि झाडावर चढणारा गडी पडून कमरेतून गेला होता. तात्या बरे झाले, खजुराकडे पाहिलं, दोरीचा फास पायात अडकवला आणि वर गेले. भंडाऱ्याच्या मुलाला माड काय आणि खजूर काय.

पण भंडाऱ्याचा मुलगा झाडावर गेला की फळावर थांबत नाही. तात्यांनी चार झाडांना चीर देऊन मडकी बांधली. त्या गावाने ताडी कधी पाहिली नव्हती. पहिल्या रविवारी प्रार्थना झाली नाही. दुसऱ्या रविवारी घंटा वाजवणारा घंटेखालीच झोपलेला सापडला. मग कार्मेनबाई काठी घेऊन झाडाखाली आल्या.

तात्या त्यांना 'कार्मेनबाई' असंच म्हणत, जणू ती परळच्या कुणा सारस्वताची सून.

"त्या म्हणाल्या, उतर. मी उतरलो. म्हणाल्या, झाडाचा रस काढलास तर झाड फळ कुठून देणार? या गावाचं वर्षाचं पीठ त्या फळावर येतं. तुम्ही सगळ्यांनी मिळून दोन रविवारांत पुढच्या वर्षीच्या भाकऱ्या प्यायल्यात."

"मग तुम्ही काय केलंत?"

"वर जाऊन मडकी सोडवली."

"आणि त्या?"

तात्यांनी झावळीचं पान उलटं वळवलं. "जेवायला बोलावलं," ते म्हणाले, आणि दुसरी झावळी ओढून घेतली.

सान इसिद्रोचं जे जे दादरला चालेल असं वाटे, ते ते तात्या करून बघत. एका उन्हाळ्यात त्यांनी चीज केलं. बकरीचं दूध कोमट करून त्यात अंजिराच्या झाडाचा चीक घातला, फडक्यात बांधलं, मीठ चोळलं आणि छपराच्या वाशाला टांगलं. आठवड्याभरात वाडीत शोधाशोध सुरू झाली. लोकांना वाटलं कुठेतरी काहीतरी मरून पडलंय. विहीर उपसायचं ठरलं. तेव्हा तात्या शांतपणे पुढे आले आणि म्हणाले, "विहिरीला त्रास देऊ नका. माझं पक्व झालंय." ते त्यांनी परळला एका साहेबाच्या बंगल्यावरच्या गोव्याच्या आचाऱ्याला नेऊन दिलं. परत आले ते आणखी घेऊन येण्याची मागणी घेऊन. पण बायोने बकरीच्या गळ्याला मिठी मारली आणि सांगितलं की पुन्हा हा वास आला तर मी आणि बकरी दोघी निघून जाऊ. दादरचा चीजचा व्यापार तिथेच संपला.

एक गोष्ट मात्र त्यांना मुळीच चालत नसे. परळच्या गिरणीचा भोंगा. वारा तिकडचा असला की तो आमच्या वाडीत ऐकू येई, आणि वाडीतली पोरं, ज्यांचे बाप माडावर चढून पोट भरत, ती डबा घेऊन पळत सुटत. भोंगा झाला की तात्या हातातलं काम टाकून खाली बसत. भोंग्यानंतर लगेच काही काम करायचं नाही, असा त्यांचा नेम होता. यांनी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "घंटेवर उठणारी, घंटेवर जेवणारी माणसं मी पाहिलीत." मग जरा थांबून, "म्हणजे, त्यांची थडगी पाहिलीत."

आम्हांला तेव्हा ते विशेष कळलं नाही.

मग मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. आधी बंदराकडे, मग इकडे तिकडे. माझ्या माहेरची गिरगावातली चाळ अर्धी रिकामी झाली. लोक मिळेल त्या वाटेने गावी पळत होते. दादरला आम्ही आपले हवेच्या भरवशावर होतो. एका सकाळी बायो बाहेर आली आणि तात्यांना वाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भिवा, गोठ्यात उंदीर मरून पडलेत." त्या दिवसापासून हवेचा भरवसा संपला.

वाडीचे मोठे माणूस म्हणजे पांडोबा. ते वाईट नव्हते, हे मी मुद्दाम लिहिते. त्यांचं दुमजली घर होतं, भोवती उंच दगडी गडगा आणि भक्कम दार. त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि सांगितलं, "माझ्याकडे तांदूळ भरलाय, डाळ भरलीय. सगळ्यांनी माझ्या घरात या. दार लावून घेऊ. बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही. सरकारी माणसं तपासायला आली तर मी बघतो. रोज एकत्र आरती करू." बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. असं बोलणारा माणूस त्या दिवसांत दुसरा कोणी नव्हता.

तात्या मागे उभे होते. ते टोपी काढून पुढे आले.

"पांडोबा, मी राहिलो त्या गावात आधी गाव नव्हतं," ते म्हणाले. "माणसं होती. रानभर फिरायची, मिळेल ते खायची, चारपाच जण एकेका ठिकाणी. मग पाद्री आले. चांगले होते. पाट काढला, गहू पेरला. म्हणाले, लेकरांनो, उपाशी का फिरता? इथे या, एका छपराखाली राहा, घंटेवर उठा, घंटेवर दोन वेळ जेवा. आली बिचारी. मग देवीची साथ आली. रानात असती तर एका टोळीला लागून तिथेच विझली असती. इथे सगळी एका दालनात झोपलेली. नंतर गोवर. नंतर आणखी काही. दगडाचं देऊळ बांधून पुरं झालं तेव्हा आत बसायला त्यांच्यातलं कोणी उरलं नव्हतं. मी इतकी वर्षं राहिलो, त्यांच्यातला एक माणूस मला दिसला नाही. ती कुठली भाषा बोलायची, ते पण गावात कोणाला माहीत नाही."

पांडोबा एक पाऊल पुढे आले.

"म्हणजे मी पाद्री का रे भिवा?" पांडोबांनी विचारलं. राग नव्हता, दुखावले होते.

"नाही पांडोबा. तुमचं घर मोठं आहे, एवढंच म्हणतो. पांगू या. शिवडीच्या बाजूला खाडीच्या खाजणाकाठी उघडी जमीन आहे. झावळ्यांच्या खोपी घालू, एकमेकींपासून लांब."

"म्हाताऱ्याकोताऱ्यांना चिखलात नेऊन टाकायचं?" मागून कोणीतरी म्हणालं, आणि पुष्कळांनी माना डोलावल्या. मेशीकर आपल्या मेशीचं सांगतोय, असं म्हणून लोक उठले. पांडोबांच्या घरी जायचं ठरलं. बायोनेही सांगितलं, मी माझं घर सोडून कुठेच जाणार नाही, ना मोठ्या घरात ना चिखलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर खडखड वाजलं म्हणून मी बाहेर आले. तात्या छपरावर होते. एकेक कौल काढून दोरीने खाली सोडत होते आणि शेजारचा एक गडी ती ओळीत रचत होता. बायो खाली उभी राहून तोंडाला येईल ते बोलत होती.

"मेल्या, उतर! बापाने घातलेलं छप्पर आहे ते!"

"बापाने घातलं तेव्हा उंदीर मरत नव्हते," तात्या म्हणाले आणि पुढचं कौल काढलं.

त्यांची बाजू उघडी झाली तसे ते सरकत आमच्या बाजूला आले आणि वरून वाकून म्हणाले, "वहिनी, चुलीवर काही आहे?"

"भात आहे."

"उतरवून घ्या. कौलांची धूळ पडेल."

आम्हांला घर सोडायची सूचना मिळाली ती अशी. यांनी एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तकं बांधायला घेतली. संध्याकाळपर्यंत तात्यांनी आणखी काही घरांची छपरं उतरवली. एक गृहस्थ तणतणत आले, "आम्ही नको म्हणून ओरडत होतो!" तात्या म्हणाले, "हो का? वर ऐकू आलं नाही." ते गृहस्थ, त्यांची बायको आणि मुलं दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर खाजणाकाठी होती. बायोसुद्धा होती. आभाळाखाली देव ठेवायचे नाहीत म्हणून देव्हाऱ्यावर तात्यांनी झावळ्या घातल्या होत्या, आणि देव तिथेच राहिले होते.

खोपी त्यांनी अशा घातल्या की एकीतून दुसरीत हाक पोचेल पण हात पोचणार नाही. धान्याची पोती आणू दिली नाहीत. उन्हात दोनदा झाडून घेतल्याशिवाय अंथरूण आत नेऊ दिलं नाही. दिवसभर वाऱ्याला खारा, कुजका वास. मी फार रडले आणि फार चिडले. पण यांचा खोकला तिथे कमी झाला, हे खरं.

पांडोबांच्या घरात दुखणं शिरलं ते कसं, कोणाला कळलं नाही. तांदळाच्या कोठारातून असेल. बाहेरचा आत आला नव्हता. आतली माणसं मात्र एकामागून एक बाहेर नेली. दुपारी आम्ही दुरून चितांचा धूर बघायचो आणि कोण असेल ते बोलायचं टाळायचो. मग एक दिवस पांडोबा स्वतः राहिलेली माणसं घेऊन खाजणाच्या काठाशी येऊन उभे राहिले. मुलगा गेला होता, दोन नातवंडं गेली होती. मागे त्यांची सून डोक्यावरून पदर घेऊन उभी होती. 

तात्या उठले. अगदी टोकाला काही खोपी त्यांनी आधीच घालून ठेवल्या होत्या. आम्हांला वाटायचं, जास्तीच्या झावळ्या होत्या म्हणून घातल्या. त्यांनी तिकडे हात केला आणि म्हणाले, "पांडोबा, त्या तुमच्या. पाणी ठेवलंय." बस्स, एवढंच.

आमच्याकडे कोणाला काही झालं नाही, असं मला लिहायला आवडलं असतं. झालं ते बायोला. तिला ताप भरला आणि काखेत गाठ आली. तेव्हा तिने स्वतःच सांगितलं, आणि ते सगळ्या माळाने ऐकलं, "मी रोज घरी जात होते. देवाला दिवा कोण लावणार होतं?" दुपारी तात्या आडवे झाले की ती निघायची आणि त्यांना जाग यायच्या आत परत यायची.

 तिला उचलून तात्यांनी वाऱ्याच्या खालच्या अंगाला, सगळ्यांपासून दूर एका खोपीत नेलं आणि स्वतः तिच्याजवळ बसले. आम्हांला जवळ येऊ दिलं नाही. मी पेज करून अर्ध्या वाटेवर ठेवायची, मी मागे आले की ते येऊन न्यायचे.

मला आठवते ती दुपार. बायोचा आवाज तापातही तसाच होता. "भिवा, ती कार्मेन कोण रे तुझी? आता तरी सांग."

तात्यांचं उत्तर कोणाला ऐकू आलं नाही. पण ते बोलत होते. तिच्या कानाशी वाकून, बराच वेळ. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माळावर प्रत्येक जण आपापल्या खोपीच्या तोंडाशी काहीतरी काम काढून बसला होता आणि कोणीही कुठे बघत नव्हतं.

मग बायो म्हणाली, "मग आलास कशाला?"

ते काहीतरी बोलले.

"माझा नवरा मेला म्हणून? तुला कोणी सांगितलं तिकडे?"

खाणीच्या बंदरावर मालवणचा एक खलाशी भेटला होता, हे मला पुढे यांच्याकडून कळलं. त्याने घरची बातमी सांगितली, आणि तात्या मिळेल त्या बोटीने निघाले.

बायोने पाणी मागितलं. मग म्हणाली, "मेल्या, तिला पण घेऊन यायचं होतंस. मी काय तिला खाल्लं असतं?"

दुसऱ्या दिवशी ती गेली. तात्यांनी सगळं रीतसर केलं. रडले असतील तर आमच्यासमोर नाही. संध्याकाळी त्यांनी बकरीचं दूध काढलं, कारण बकरी ओरडत होती.

उन्हाळ्यात साथ ओसरली. लोक परतले. तात्यांनी उतरवलेली सगळी छपरं पुन्हा घातली, ज्यांनी शिव्या दिल्या होत्या त्यांचीही. शेवटी आपलं घातलं. मग पांडोबांच्या सुनेला बोलावून सांगितलं की या घरात आता तू राहा, पुढच्या बाजूला वहिनी आहेत, सोबत होईल. बकरीही तिला दिली. आम्ही समजलो.

तात्यांना शिवडीच्या बंदरातून छोट्या मचव्याने मोठ्या बोटीवर जायचं होतं. आम्ही दोघं पोचवायला गेलो. पांडोबाही काठी टेकत आले होते.

"तिकडेच का?" यांनी विचारलं.

"बोट सिंगापूरपर्यंत आहे," तात्या म्हणाले. "पुढचं पुढे."

"आणि ते गाव? असेल अजून?"

"गाव असेल." बाकीचं त्यांनी सोडून दिलं.

पांडोबांनी त्यांचे दोन्ही हात धरले. मी खाली वाकून नमस्कार केला, तर ते दचकून मागे सरले आणि पाय चिखलात गेला. निरोपाचं जे बोलायचं ते सगळं बोलून झालं. ते मचव्यात चढले, खलाशांनी बांबू रेटले, आणि मचवा हाकेच्या अंतरावर जाऊन चिखलात रुतून बसला. ओहोटी होती.

आता करायचं काय, ते कोणालाच कळेना. निरोप घेऊन झाला होता, आणि तात्या समोरच पोत्यावर बसले होते. ते आमच्याकडे बघत होते, आम्ही त्यांच्याकडे. थोड्या वेळाने त्यांनी ओरडून सांगितलं, "वहिनी, ऊन लागेल, घरी जा." मी मान हलवली आणि गेले नाही. पांडोबा एका ओंडक्यावर बसले. यांनी छत्री उघडून माझ्या हातात दिली. खलाशांनी भाकऱ्या सोडल्या. त्यांनी तात्यांना एक दिली. तात्यांनी भाकरी हातात धरून आमच्याकडे पाहिलं, आम्ही उपाशी आणि आपण खायचं कसं म्हणून. मी हातानेच खा म्हटलं. मग त्यांनी पाठ अर्धी वळवून खाल्ली.

दुपार कलल्यावर पाणी चढलं. मचवा आधी जरासा हलला, मग फिरला आणि त्याचं तोंड समुद्राकडे झालं, त्यामुळे तात्यांची आमच्याकडे पाठ झाली. ते उठून दुसऱ्या बाजूला, आमच्याकडे तोंड करून बसले.